बावीसच्या खाली नाही

हेल्डूर, माझा बाप, समुद्राला भोकं पाडायचा.
ऐकणाऱ्याला थट्टा वाटते, पण पगार त्याचाच होता.
सामुद्रधुनी गोठली की हेल्टरमाच्या धक्क्यावरून
पहाटे सहाला निघायचा, खांद्यावर गिरमिट,
खिशात काळ्या पावाचा तुकडा आणि चौकटींची वही.
दर दोनशे पावलांवर एक भोक, त्यात पट्टी,
आणि शिसपेनीनं आकडा: पंचवीस. चोवीस. एकोणतीस.
शाई गोठते, शिसपेन दगा देत नाही,
हे त्याचं जगाविषयीचं एकमेव मत,
आणि ते तो प्रत्येक पाहुण्याला ऐकवी.

बावीसच्या खाली गाडी नाही.
लग्नाचं वऱ्हाड असो, पलीकडे कुणाची आई जाता जाता थांबलेली असो,
बावीसच्या खाली नाही.
एकदा एकवीस भरले
आणि चर्चच्या पाळकाची गाडी अडवून
तो सबंध दुपार रस्त्यात उभा राहिला.
"तुमचं वजन वरती असेल," म्हणाला,
"मला इथलं बघायचंय."

आईला त्यानं मागणी घातली तीही बर्फावरच.
"पट्टा सोड म्हणाला. मला वाटलं, हा भलतंच काय बोलतोय!"
बर्फावर पट्टा लावायचा नसतो,
वेळ आलीच तर उडी मारता यावी म्हणून.
मधोमध, जिथे थांबायला मनाई,
आणि मनाईची पाटी यानंच ठोकलेली,
तिथे त्यानं गाडी थांबवली, उतरून भोक पाडलं,
गुडघ्यावर बसून मोजलं: एकतीस.
"लाइने, हे दोघांना पुरेल."
आई हो म्हणाली, पण किनारा लागल्यावर.

आम्हाला जवळ घेऊन तो फारसा बोलला नाही.
रात्री खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा,
श्वास मोजत असावा.
तापात कपाळावर हात ठेवायचा, डिझेलचा वास येणारा,
आणि वळून आईला आकडा सांगायचा.
थर्मामीटर मग त्याच्याच बाजूनं बोले.

चुकला तो एकदाच.
सतरा वर्षांचा रैत म्हणाला, मी घर सोडतो.
बाप म्हणाला, "जा. आठवड्यात येशील."
रैत फिनलंडहून आला तो नऊ वर्षांनी.
वहीची शेवटची पानं आम्ही आत्ता पाहिली.
नऊ हिवाळे, प्रत्येकात एक तारीख, रैतच्या वाढदिवसाची,
आकड्याच्या जागी एकच शब्द:
पातळ.

पुढे समुद्र गोठेनासा झाला.
नोकरी गेली, गिरमिट राहिलं.
तरी जानेवारीत तो धक्क्यावर जायचाच,
लाटांकडे बघत बसायचा, जशा त्या उसनं घेऊन फिरकल्याच नाहीत.
घरी येऊन लिहायचा: पाणी.
दुसऱ्या दिवशी: पाणी.
आई विचारायची, "किती झाला?"
तिला माहीत होतं. तरी विचारायची.

गेला तो नेमका कडाक्याच्या आठवड्यात.
रिवाजाप्रमाणे दारापासून रस्त्यापर्यंत
आम्ही स्प्रूसच्या डहाळ्या अंथरल्या.
अशाच फांद्या तो बर्फात रोवत जायचा,
धुक्यात माणसं भरकटू नयेत म्हणून.
तेव्हा हे मला सुचलं नाही. हातात चीक लागला होता,
तो कशानं निघेल याचीच चिंता.

खड्डा खणणारा कुरकुरत होता,
जमीन दगड झालीय, रात्रभर शेकोटी पेटवावी लागली.
आईनं विचारलं, "किती?"
त्याला कळेना. मग त्यानं कोपरापर्यंत हात दाखवला.
"चाळीस... बेचाळीस असेल."
आई म्हणाली, "मग चालेल. द्या उतरू."

परतताना गाडी रैतनं चालवली.
आई पुढे बसली, मांडीवर वही.
साध्या डांबरी रस्त्यावर तिनं पट्टा लावला नाही.
रैत काही बोलला नाही, मीही नाही.
तो बारीक टिणटिण इशारा
घरापर्यंत वाजत राहिला.